तिसरी बॅटरी घेण्याआधी करंटची गळती शोधा

दादा, दोन बॅटऱ्या बदलूनही गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिसरी एवढ्यात घेऊ नका.

सकाळी, गाडी चालू करण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं मीटर) लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास हवं. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. तेवढं चढत नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि त्याचा पट्टा बघा.

चढत असेल तर करंट कुठेतरी झिरपतोय. इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, केबल आणि बॅटरीच्या मध्ये मीटर 10 अँपिअरवर जोडा, अर्धा तास थांबा. 50 मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन खाली येईल, चोर त्याच लाइनवर. मीटर जोडलेला असताना स्टार्टर अजिबात मारू नका. माझ्या पिकअपमध्ये बाहेरून बसवलेला गाण्यांचा टेप चोर निघाला, बंद असतानाही त्याची पाठ हाताला कोमट लागायची!

आपल्या जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, बॅटरीतलं पाणी भराभर उडतं. झाकणं उघडता येत असतील तर एप्रिल-मेमध्ये दर पंधरवड्याला बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.