इंग्लंडमधले पब: पाटीवरचं साल बघू नका, पिंप किती दिवसांत रिकामं होतं ते बघा

ब्लॅककंट्रीकर

उन्हाळा आला की भारतातून येणारे पाहुणे विचारतात, "एखादा खराखुरा इंग्लिश पब सांगा." मग त्यांच्या हातात ठरलेली यादी पडते: फ्लीट स्ट्रीटवरचा 'ये ओल्ड चेशर चीज', साउथवर्कचा 'जॉर्ज इन', नॉटिंगहॅमचा 'ट्रिप टू जेरुसलेम'. मी इथे वर्षानुवर्षं नियमाने बसणारा माणूस आहे. माझं मत असं की या यादीचा चांगल्या पबशी काडीचाही संबंध नाही.

नॉटिंगहॅमवाल्यांनी भिंतीवर ११८९ साल रंगवलंय. इमारत बहुतांशी सतराव्या शतकातली, आणि त्याच गावात 'बेल' आणि 'सॅल्युटेशन' हे आणखी दोन पब आपणच सर्वांत जुने म्हणून उभे आहेत. भांडू देत. मला ग्लासात काय येतं त्याच्याशी मतलब.

पिंपातली एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, जिवंत असते. ब्रुअरीतून निघतानाही तिच्यात यीस्ट असतं आणि पबच्या तळघरात ती पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. पिंप उघडलं, हँडपंपाने पहिला पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) ओढला की आत हवा शिरते. तिथून साधारण तीन दिवस. नंतर ती मरगळते, मग आंबट होते. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट. तळाचा गाळ सोडला तरी एका पंपामागे तीन दिवसांत सत्तरच्या आसपास पाइंट खपायला हवेत. आता आठ पंप मांडून बसलेला आणि संध्याकाळी सहाला चार टाळकी असलेला पब डोळ्यांसमोर आणा. तिथे तुम्हाला शिळं मिळणार, मग छताच्या तुळया कितीही काळ्या असोत.

माझी क्रमवारी:

पहिला, बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या ब्लॅक कंट्रीतल्या ब्रायर्ली हिलचा 'व्हाइन'. आमच्याकडे सगळे त्याला 'बुल अँड ब्लॅडर' म्हणतात. बॅथम्सची ब्रुअरी शेजारीच. बेस्ट बिटर ही कडवट एल ४.३ टक्के, सोबत माइल्ड ही सौम्य एल, आणि चखण्याला चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे गोल पाव. संपला विषय.

मग सॅम्युअल स्मिथचे पब. टॅडकास्टरची १७५८ची ब्रुअरी. त्यांनी २००४ साली संगीत बंद केलं, २०१७ला शिव्या, २०१९ला मोबाइल. लोक हसतात. मला आवडतं.

वेदरस्पून्स ही देशभरची पबसाखळी तिसरी. हो, मुद्दाम लिहितोय. स्वस्त आहे, बहुतेक ठिकाणी गाणी नाहीत, गर्दी आहे म्हणून पिंप फिरतं, आणि जुन्या बँका, थिएटरं त्यांनी लोकांना बसायला उघडी केली. टनब्रिज वेल्सचं ऑपेरा हाउस जाऊन बघा.

तळाला क्राफ्ट बार, जिथे पाइंट मागितला की दोन तृतीयांश देऊ का विचारतात, आणि ते गॅस्ट्रोपब, जिथे प्रत्येक टेबलावर 'राखीव' लिहिलेलं असतं. जेवणार नसाल तर उभे राहा.

खिडकीपाशी

असहमत. अगदी कडकडीत असहमत.

पिंप तीन दिवस टिकतं, इमारत शंभर वर्षं. खपाच्या हिशोबाने चाललं असतं तर ब्लॅकफ्रायर्सचा 'ब्लॅक फ्रायर' साठच्या दशकातच पाडला असता. १९०५ची ती आतली सजावट, संगमरवर, तांब्याच्या पत्र्यावरचे गुबगुबीत साधू. कवी जॉन बेटजेमन आणि इतरांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. मेडा व्हेलचा 'कार्ल्टन टॅव्हर्न' तर २०१५ साली मालकाने परवानगीशिवाय बुलडोझर लावून पाडला. कौन्सिलने होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ला तो उघडला. तुमच्याच भागातला तो वाकडातिकडा 'क्रूकेड हाउस' ऑगस्ट २०२३मध्ये जळला, दोन दिवसांत जमीनदोस्त झाला, तेव्हा रडणारे लोक काय तिथल्या बिटरसाठी रडत होते?

आणि एक गंमत. सॅम स्मिथला दुसरा नंबर देता आणि चेशर चीजला नाकं मुरडता. तो सॅम स्मिथचाच आहे! लंडनच्या १६६६च्या आगीनंतर वर्षभरात पुन्हा बांधलेल्या घरात त्याच ब्रुअरीची बिअर मिळते. मग आक्षेप नक्की कशाला? जुनेपणाला?

ब्लॅककंट्रीकर

@खिडकीपाशी, तो कोणाचा आहे ते ठाऊक आहे, म्हणून तर म्हणतो. त्याच ब्रुअरीची बिअर प्यायची तर पंधरा-वीस मिनिटं चाला आणि होबर्नच्या 'प्रिन्सेस लुईस'ला जा. तिथेही १८९१च्या धर्तीची काचकाम केलेली लाकडी दालनं आहेत, पण आत ऑफिस सुटलेली माणसं असतात, कॅमेरे गळ्यात घातलेली नाहीत. आणि क्रूकेड हाउससाठी मीही हळहळलो. पण तिथल्या तिरप्या खोल्यांत आयुष्यात एकदा गोटी चढावर घरंगळल्यासारखी बघून आलेली जनता पुन्हा तिथे किती वेळा गेली होती, हे विचारायला नको का?

पेनाइनपार

क्रमवारी वगैरे ठीक आहे. पण मिडलँड्सच्या खाली उतरलं की हे लोक स्पार्कलर काढून टाकतात त्याचं काय? नळीच्या तोंडाची ती बारीक छिद्रांची टोपी. यॉर्कशायर, लँकेशायरमध्ये तिच्यातून बिअर दाबून निघते आणि वर साईसारखा फेस धरते. लंडनमध्ये तीच टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड' डबक्यातल्या पाण्यासारखी सपाट येते. फेस नसलेला पाइंट मी परत करतो.

टेम्सचा मासा

@पेनाइनपार, फेसही पाइंटमध्येच मोजतात, साहेब. काठोकाठ मापाच्या ग्लासात तुम्ही दोन बोटं हवेचे पैसे देताय आणि वर अभिमान बाळगताय. शिवाय स्पार्कलरने हॉप्सचा वास वरच्या फेसात अडकतो. ससेक्समधली हार्वीज बेस्ट तिच्या लुइस गावी जाऊन सपाट प्या, मग बोला.

पेनाइनपार

प्यालोय. सपाटच होती.

चाव्यांचा जुडगा

मी केंटमध्ये पब चालवते. टायवाला, म्हणजे इमारत कंपनीची, आणि बिअरही कंपनीकडूनच घ्यायची, बाजारभावापेक्षा चढ्या दराने. कंपनीचं नाव घेणार नाही, भाडेकरार तिच्या हातात आहे.

वेदरस्पून्सच्या स्वस्ताईचं कौतुक करणाऱ्यांना थोडा इतिहास. १९८९ साली सरकारने ठरवलं की दोन हजारांपेक्षा जास्त पब बाळगणाऱ्या बड्या ब्रुअऱ्यांचा विळखा सैल करायचा. त्यांनी पब हजारोंनी विकले. घेतले कोणी? ज्यांना बिअर गाळता येत नाही, पण भाडं आणि बिअर दोन्हींतून पैसा काढता येतो अशा मालमत्ता कंपन्यांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं आमचं झालं. २०१६ला पब्ज कोड हा नियमसंच आला, तोही पाचशे किंवा त्याहून जास्त टायवाले पब असणाऱ्या कंपन्यांपुरता. बाजारभावाने भाडं ठरवून टायमधून सुटायचा मार्ग त्यात आहे. तो चालून बघा म्हणजे कळेल, वकिलाचं बिल कोणत्या पिंपातून काढायचं ते.

वेदरस्पून्सची गोष्ट वेगळी. बिअर ते थेट घाऊक घेतात, शेकडो पबसाठी एकदम. त्यांच्या पाइंटची किंमत आणि माझी किंमत शेजारी ठेवून "हा लुटतो" म्हणणारं गिऱ्हाईक मला रोज भेटतं. धागाकर्ते, तुमचा तिसरा नंबर माझ्यासारख्यांच्या उरावर उभा आहे.

ग्लासभर ताक

मी पीत नाही. तरी सांगते: वेदरस्पून्समध्ये कॉफीचा कप हवा तितका भरून घेता येतो, पोरं चालतात, कोणी हटकत नाही. आमची भिशी तिथेच होते. जुडगाताई, तुमच्याकडे दुपारी तीनला कॉफी मिळेल का?

चाव्यांचा जुडगा

मिळेल की. फुकट पुन्हा भरून नाही.

साउथॉलची सून

सगळी चर्चा वाचली. पंप, फेस, भाडं, काळ्या तुळया. दार उघडून आत गेल्यावर सगळ्यांच्या माना वळतात का आणि बोलणं थांबतं का, हा प्रश्न एकालाही पडला नाही. एकट्या सावळ्या बाईला तो पहिला पडतो. माझ्या लेखी पबची परीक्षा तिथे होते, बिअर नंतर.

ब्लॅककंट्रीकर, तुम्ही ज्या भागात बसून हे लिहिताय तिथलाच इतिहास आठवा. स्मेदिकमध्ये पबच्या चांगल्या खोलीत काळ्या-सावळ्या माणसाला बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांच्या बोलावण्यावरून १२ फेब्रुवारी १९६५ला अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स तिथे आला. मार्शल स्ट्रीटवर चालला आणि 'ब्लू गेट्स' पबमध्येही गेला. त्याच वर्षी कायदा झाला आणि सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे फाउंड्रीत घाम गाळलेल्या पंजाब्यांनी त्याच पट्ट्यातले पडीक पब चालवायला घेतले. आज वेस्ट ब्रॉमिचच्या 'रेड लायन'मध्ये मिक्स्ड ग्रिल समोर ठेवून गोरे, काळे, सरदार एका टेबलावर मॅच बघतात. आमच्या साउथॉलच्या 'ग्लासी जंक्शन'मध्ये तर रुपये चालायचे. २०१२ला बंद झाला. तुमच्या क्रमवारीत देसी पब शून्य?

ब्लॅककंट्रीकर

@साउथॉलची सून, रेड लायनला मी जातो. सीख कबाबासाठी. पण मी क्रमवारी लावली ती एलची, आणि बहुतेक देसी पबमध्ये चालते लागर, म्हणजे गॅसच्या दाबाने येणारी थंडगार बिअर. जेवणाची यादी काढा, पहिला नंबर देतो. माना वळण्याबद्दल: ब्रायर्ली हिलच्या त्या पुढच्या खोलीत माझ्याकडेही बघतात, पण तिथे कोणीही नवा आला तरी बघतात. खोलीच तेवढी आहे.

साउथॉलची सून

तुमच्याकडे बघणं आणि माझ्याकडे बघणं एकच, हे तुम्हीच ठरवलंत. वा. आणि कबाबाला जाता तेव्हा तिथे पिता काय, दूध?

हॉप्सवेडा

+१ सूनबाईंना. आता माझं.

धागाकर्त्यांनी स्वतःच्याच हिशोबाने स्वतःचा मुद्दा बुडवलाय आणि ते कोणी बोलत नाहीये. तीन दिवसांत सत्तर पाइंट नाही खपले की माल फेका, हे जर तंत्रज्ञान असेल तर ते वाईट तंत्रज्ञान आहे. केगमधली, म्हणजे हवाबंद डब्यातून गॅसने ओढलेली बिअर आठवडे टिकते, शेवटचा ग्लास पहिल्यासारखा लागतो. म्हणून बर्मंड्सीच्या रेल्वे कमानींखाली २००९ साली 'कर्नल' सुरू झाली, तिच्यामागून इतर आल्या, आणि आज मला तिथे पाच प्रकारचे पेल एल ताजे मिळतात. आठ पंपांपैकी कुठला जिवंत आहे याचा जुगार खेळावा लागत नाही. दोन तृतीयांश पाइंट देतात कारण ती बिअर आठ टक्क्यांची असते, काका. पूर्ण पाइंट तीन मारलेत तर घरी आम्हाला पोचवावं लागेल.

किंमत जास्त आहे, मान्य. सहा-सात पौंड. पण 'कामरा' या एलवाल्यांच्या ग्राहक संघटनेची १९७१ची लढाई होती वॉटनीच्या 'रेड बॅरल'सारख्या बेचव, यीस्ट मारलेल्या केगशी. ती बिअर कधीच गेली. तुम्ही अजून मोर्चातच आहात.

ब्लॅककंट्रीकर

आठ टक्क्यांची बिअर ही पबची बिअरच नाही. ३.५ची माइल्ड चार पाइंट पिऊन माणूस चार तास बोलू शकतो, तुमच्या कमानींखाली लोक फोटो काढतात आणि पुढच्या कमानीकडे सरकतात. आणि जुगार म्हणता तो जुगार नव्हे. तळघर सांभाळणारा माणूस कसा आहे ते दोन फेऱ्यांत कळतं. तापमान ११ ते १३ अंश, नळ्या आठवड्याला धुतलेल्या, आणि संपत आलेल्या पिंपातलं गिऱ्हाइकाच्या गळी न उतरवण्याची लाज. केगला ती लाज लागत नाही, म्हणून ज्याला त्याला केग विकता येतं.

चाव्यांचा जुडगा

लाज माझ्याकडे आहे, पण शुक्रवारी सगळ्याच पबवाल्यांना ती परवडते. रविवारच्या रोस्टनंतर उरलेल्या पिंपाचं मंगळवारी काय करायचं ते विचारा. मी सोमवार-मंगळवार चारातले दोनच पंप चालू ठेवते, बाकीच्यांच्या पाट्या उलट्या फिरवते. उघडलेलं पिंप ओतून दिलं तर कंपनी ते परत घेत नाही.

ब्लॅककंट्रीकर

म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूच्या निघालात. पाट्या उलट्या फिरवणारा पब मी डोळे झाकून निवडेन.

चाव्यांचा जुडगा

तुमच्या बाजूची कशी? तुमचा हिशोब ऐकून लोक गर्दीच्या पबकडे जाणार, म्हणजे माझा मंगळवार आणखी ओस पडणार. केंटला कधी याल ते मंगळवारी या. आणि मला केगवाला, फेसवाला, इमारती बघणारी बाई, सगळे चालतील. सूनबाई, आमच्याकडे माना वळतील, खोटं सांगणार नाही. मंगळवारी तीनच असतात, तिघांची नावं सांगून ठेवते. ताकवाल्या ताई, भिशी दुपारी घेऊन या, दुसरा कप फुकट.