बुरशी झटकली तरी विष राहतं

दादा, बुरशी लागलेली बरसीमची (हा घासासारखा चारा) वैरण दोन दिवस उन्हात टाकून झटकून घाला, असं तुम्ही वर लिहिलंय. तेवढ्यावर विसंबू नका.

याच कुळातल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्याने (आपल्याकडची सेंजी त्यातलीच) 1920 च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत खूप गुरं मेली. शिंगं काढली की रक्त थांबेना! स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने एकाच गंजीतल्या चांगल्या आणि बुरसटलेल्या काड्या निवडून वेगवेगळ्या सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाणारा जगला, दुसरा रक्तस्रावाने गेला. त्या गवतातल्या कूमारिन नावाच्या घटकापासून बुरशी डायकूमरॉल हे विष बनवते आणि ते रक्त गोठायला लागणाऱ्या 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतं. वाळवलं तरी ते जात नाही.

बरसीममध्ये ही भीती जवळपास नाही, पण बुरसटलेलं ते बुरसटलेलंच; गाभण गाईला तर नकोच. गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून बघा. कोमट, दमट लागलं, कुबट वास आला तर सरळ उकिरड्यावर. सेंजी घालत असाल तर वेण्याआधी महिनाभर बंद. कातडीखाली मऊ गाठ आली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर डॉक्टरांना वैरणीचं आवर्जून सांगा, 'के-1' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं.

हिरव्या बरसीमची गोष्ट निराळी, तिथे पोटफुगी. आधी कडबा, मग बरसीम.