मदत हवी आहे: 'तो तर पुरुषांनाही बोलतो' याला उत्तर काय द्यायचं?
नमस्कार मंडळी, शहापूरला आमच्या महिला मंडळात रविवारी डिबेट ठेवलंय, ट्रम्प बायकांना जे बोलतो ते बाई म्हणून हिणवणं की नुसता तोंडाळपणा. मी हिणवणं या बाजूनं. 2015 ला त्याच्याच पक्षातनं राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या कार्ली फियोरिनाचा चेहरा बघून हिला कोण मत देणार म्हणाला, 2016 ला भर डिबेटमध्ये हिलरी क्लिंटनना 'नॅस्टी वुमन' (घाणेरडी बाई) म्हणाला, एवढं माझ्याकडे आहे. पण समोरच्या काकू म्हणूलेत तो पुरुषांना तरी कुठं सोडतो, उमेदवारीच्या शर्यतीतल्या मार्को रुबिओला 'लिटल मार्को' (छोटा मार्को) म्हणून उंचीवरनं चिडवलंच की! इथंच माझी गाडी अडते. मला फरक दिसतो, बाईचं रूप काढलं की तिचं काम, बोलणं सगळं बाजूला पडतं, आपल्याकडं ग्रामपंचायतीला उभी राहिलेल्या बाईची साडी, सासर आधी निघतं आणि वॉर्डातल्या पाण्याचं ती काय बोलली ते कुणी ऐकत नाही. रुबिओचं तसं झालं नाही. पण हे काकूंना पटेल असं मांडू कसं? कायदा शिकलेल्यांनी सांगा, भारतीय न्याय संहितेचं कलम 79 (शब्दानं, हावभावानं बाईच्या विनयाचा अपमान करणं हा गुन्हा) चर्चेत आणावं का, की विषय भरकटेल? वाचायला काही असेल तर पाठवा प्लीज, कन्नडमधलं पण चालेल.