सलाईन संपलं म्हणून ओरडणारा आधी, की गप्प पडलेला?

रातपाळी
सोलापुरात एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, कुठल्या ते विचारू नका. मागच्या आठवड्यातल्या एका नाईटवरून घरी आणि ड्युटीवर, दोन्हीकडे वाद चाललाय. म्हणून इथे मांडते.

मेडिकल वॉर्ड, तीसेक पेशंट, आम्ही दोघी. दुसरी एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेली. पावणेदोनला चार गोष्टी एकदम आल्या. चार नंबरचं सलाईन संपलं आणि त्यांचा मुलगा ‘सिस्टर, हवा जाईल!’ करत टेबलापाशी. अकरा नंबरच्या आजींना लघवीला जायचंय. सतरा नंबरला कंबरदुखीचं इंजेक्शन हवंय. आणि नऊ नंबरचे आजोबा. जन्म यंत्रमागावर गेलेला, तेलुगूच बोलणारे. संध्याकाळी भाताला मीठ नाही म्हणून सुनेशी भांडत होते, ते आता गप्प.

मी नऊकडे गेले. अंगाला घाम, श्वास पूर्ण मिनिट मोजला तर २८. सुनेला वेगळ्याच नावाने हाक मारत होते आणि मधेच ‘ऊपिरि, ऊपिरि’ पुटपुटत होते. ऊपिरि म्हणजे श्वास. सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे पेशंट असतात त्या वॉर्डात हा शब्द कळलाच पाहिजे. ऑक्सिजन ८८. उशाकडची बाजू वर केली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना कॉल दिला, ते येईपर्यंत तिथेच थांबले. मग आजींना भांडं, मग सलाईन, शेवटी इंजेक्शन.

सलाईनवाला मुलगा बारा मिनिटं थांबला. सकाळी त्याची लेखी तक्रार. माझं म्हणणं एवढंच, की ओरडतोय त्याच्यात निदान ओरडण्याइतका दम आहे. गप्प झालेल्याकडे आधी बघायचं.

आणि त्या हवेचं सांगतेच, कारण प्रत्येक नाईटला हे होतं. साधं टांगलेलं सलाईन आपल्या वजनाने उतरतं. बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी शिरेतल्या दाबाशी बरोबरीला येऊन थांबतं. हवा सुसाट आत जात नाही. पुढे काय होतं, तर नळीत थोडं रक्त उलटं चढतं, सुई जाम होते, पुन्हा टोचावं लागतं. त्रास आहेच, नाही म्हणत नाही. मानेतली लाइन असेल किंवा दाब देऊन रक्त चाललं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आम्ही धावतोच.

बाळीवेसकर
ताई, आजोबांचं बरोबर केलंत. पण तुमच्या यादीत आजींची लघवी कुठे बसते, त्यावर माझं भांडण आहे.

दोन वर्षांपूर्वी आई एका खासगी दवाखान्यात होती, पायाला सूज म्हणून. रात्री बेल वाजवली. ‘थांबा, येतो’. पुन्हा वाजवली. ‘सीरियस पेशंट आहे, जरा समजून घ्या’. मी खाली औषध आणायला गेलेलो. आई स्वतःच उठली, फरशी ओली, खुब्याचं हाड मोडलं. सूज उतरवायला आलेली बाई वॉकर घेऊन घरी गेली. आता गड्ड्याची जत्राही टीव्हीवरच बघते.

तुमच्या भाषेत ते ‘किरकोळ’ काम होतं. तुमच्याकडचं किरकोळ काम आमच्या घरात अजून चाललंय.

ट्यूटर_मॅडम
बावीस वर्षं नर्सिंग शिकवते आहे. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम मुलींना झोपेतून उठवलं तरी येतो. वॉर्डात गेल्या की तोच क्रम केसपेपरवर मरतो. कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) काढा, तिसांच्या तीस पेशंटचा श्वास २० लिहिलेला. तापमान मोजतात, नाडी मोजतात, श्वास मात्र अंदाजाने! आणि पेशंट ढासळायला लागला की बहुतेक वेळा आधी हलतो तो श्वासच. पेशंट ढासळतोय का हे ओळखायची लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ ची सुधारित गुणपद्धत बघा. श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त असला की एकट्या त्याचे ३ गुण. नव्याने गोंधळलेला असेल तर त्याचे आणखी ३. कुठल्याही एका गोष्टीला ३ मिळाले तरी पेशंट तातडीने दाखवायचा असतो. नऊ नंबरकडे दोन्ही होतं, वर ऑक्सिजन ८८. यात वाद कसला?

मात्र रातपाळीताई, ‘गप्प तो आधी’ हा नियम मुलींना देऊ नका. मे महिन्यात एकदा उलटं झालं. एका गवंड्याला आणलं, नुसता बडबडत होता, हात झटकत होता. आणणारे म्हणाले, चढलीय. अंग हाताला तव्यासारखं लागत होतं, ताप ४१ सेल्सिअसच्या वर. उष्माघात. तो सगळ्या वॉर्डात सगळ्यात जास्त ओरडत होता आणि सगळ्यात आधी त्यालाच धरायचं होतं. नाव, पत्ता, केसपेपर सगळं नंतर. आधी कपडे सैल, पाणी, पंखा, बर्फ. मोठा आवाज की लहान, हे बघायचंच नाही. मघाशी कसा होता आणि आता कसा आहे, तेवढं बघायचं.

कडक_भाकरी
बिल भरताना आम्हाला कुणी ‘थांबा, आधी सीरियस पेशंटचं घेतो’ म्हणत नाही. बारा मिनिटं लई झाली.

रातपाळी
@कडक_भाकरी, बिलाचं काउंटर वेगळं आहे, दादा. तिथे माणसंही जास्त असतात.

साठ_फुटी_रोड
तुम्ही सगळे चुकीच्या झाडाखाली आंबे शोधताय. एकीने आधी कुणाकडे जायचं हा प्रश्नच का पडतो? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. तीस पेशंटला दोघी म्हणजे पंधरामागे एक, आणि त्यातलीही एक एक्स-रेला. वॉर्डबॉय मामा सुट्टीवर असणार, म्हणूनच सिस्टर ट्रॉली ढकलत गेली. प्राधान्यक्रम, गुणपद्धत ही नावं कमतरतेवर टाकलेली चादर आहे. आमच्या गावची असल्यामुळे टिकतेही फार! पुरेशी माणसं द्या, क्रम लावायची वेळच येणार नाही.

ब्रदर_बार्शीकर
साहेब, भरतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ‘क्रमच लागणार नाही’ हे वॉर्डात उभं न राहिलेल्याचं वाक्य आहे, रागावू नका.

मी आयसीयूत होतो तेव्हा माझ्याकडे दोनच पेशंट असायचे. एकाला रक्त चालू आणि त्याला अचानक थंडी वाजून थरथर सुटली. दुसरा इन्सुलिन घेऊन न जेवता झोपलेला, उशी घामाने भिजलेली. दोन पेशंट, एक माणूस, सांगा आधी कोण? मी रक्ताची क्लिप बंद केली, त्याला पाच सेकंद लागतात, आणि डॉक्टरांना हाक मारली. लगेच दुसऱ्याची शुगर बघितली, ४६. नीट शुद्धीवर नव्हता म्हणून तोंडात साखर घालायची नाही, शिरेतून ग्लुकोज. मग परत पहिल्याकडे, नळी बदलून सलाईन चालू. क्रम म्हणजे रेशनची रांग नाही. एकाचा धोका पाच सेकंदांत थांबत असेल तर तो थांबवून पुढे जायचं.

म्हणून रातपाळीताई, नऊ नंबरकडे जाताना वाटेतच चारच्या नळीची क्लिप लावून ‘बंद केलंय, हवा जात नाही, पंधरा मिनिटांत येते’ एवढं बोलला असता तर ती तक्रार झाली नसती.

रातपाळी
हे लागलं. खरं आहे. मी त्या मुलाकडे न बघताच गेले. वाईटही वाटलं, कारण तो रात्रभर बापाच्या सलाईनकडे बघत बसलेला होता, त्याला दुसरं काय कळणार.

बाळीवेसकर, तुमच्या आईचं वाचून मी दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. आता लिहिते. पायाला सूज म्हणजे बहुतेक लघवी वाढवणारं औषध चालू असणार. अशा पेशंटला रात्री उठावंच लागणार, हे आधीच माहीत असतं. दुसरा डोस संध्याकाळी उशिरा गेला की ती रात्र गेलीच. जमेल तिथे आम्ही तो दुपारी उरकायला डॉक्टरांना सांगतो. म्हातारं माणूस, लघवीचं औषध आणि ओली फरशी हे किरकोळ नाही. त्या रात्री आजींना मी दुसऱ्या नंबरवर घेतलं ते याचसाठी. सलाईन थांबतं. लघवी लागलेलं म्हातारं माणूस थांबत नाही, उठतं.

बाळीवेसकर
औषध कुठलं होतं ते आता आठवत नाही, फाइल शोधतो. पण मग एक सांगा, बेल वाजायची वाट का बघायची?

रातपाळी
नाही बघत. म्हणजे आता नाही बघत. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतानाच असे पेशंट विचारून ठेवते. दहाला दिवे मालवायच्या आधी वॉर्डातल्या मावशींना घेऊन त्या पेशंटना भांडं देते, बेल उशाशी, चपला पायाशी, कॉटचा कठडा वर. साडेबाराला पुन्हा एकदा. नातेवाईकाला सांगते, खाली जाणार असाल तर मला सांगून जा.

बाळीवेसकर
शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. औषध आणायला खाली पाठवता तुम्हीच, आणि सांगून जा म्हणता. सांगायला टेबलापाशी कुणी असतं का?

साठ_फुटी_रोड
आला ना मुद्दा परत माझ्याकडेच.

ट्यूटर_मॅडम
नऊ नंबरचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलंच नाही.

रातपाळी
छातीत पाणी झालं होतं. तीन दिवस आयसीयूत होते, कालच वॉर्डात परत आलेत. आज भातात मीठ जास्त झालं म्हणून भांडण चालू आहे.