श्रोता आता गुण द्यायला येतो का?

षड्जपंचम
काल 'रिमोटधारी' यांनी लिहिलं होतं की टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतला दहा वर्षांचा मुलगा अडीच मिनिटांत अंगावर काटा आणतो, मग मैफलीतल्या गवयाला पाऊण तास कशाला लागतो? ज्याला थोडक्यात सांगता येत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, असंही पुढे होतं. त्याखाली दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढला.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मी गाते त्या लयीत 50 सेकंदांच्या आसपास जातं. म्हणजे अडीच मिनिटांत तीन आवर्तनं. तेवढ्यात मी यमनाचा गंधार नीट लावते आणि पंचमाकडे नुसती बघते. राग अजून उंबऱ्यावर असतो.

लोक उठून जातात ही माझी तक्रार नाही. बसतात बिचारे. पण बसून वाट कशाची बघतात, ते बदललंय. मागच्या कोजागिरीला दुसऱ्या रांगेत माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, हातात मसाला दुधाचा पेला. बडा ख्याल चालू होता. मी पंचमावर थांबले, आवाज तंबोऱ्यात मिसळला, आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, "सूर चांगलाय, पण एनर्जी कमी पडतेय." मला मंचावर स्वच्छ ऐकू आलं. हे वाक्य त्यांचं नव्हतंच, परीक्षकाच्या खुर्चीतून आलेलं होतं. पुढे द्रुतमध्ये, म्हणजे जलद भागात, तान तार षड्जाला टेकली आणि टाळ्यांचा कडकडाट. तान अजून खाली उतरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची होती. मुखडा टाळ्यांत बुडाला, सम कुणालाच मिळाली नाही.

हिंदी 'सा रे ग म' 1995 साली सुरू झालं. तेव्हापासून आपण मुखडा, एक अंतरा, वरची एक जागा आणि लगेच परीक्षकाचा चेहरा असं गाणं बघत आलोय. टाळी कुठे द्यायची ते तो चेहरा सांगतो. मैफलीत तो चेहरा नसतो, म्हणून लोक स्वतःच परीक्षक होतात.

रिमोटधारी
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर पूर्ण उत्तर देतो.

तुमचा शत्रू टीव्हीपेक्षा बराच जुना आहे. गायिका गौहरजाननं 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तबकडीत तीनेक मिनिटंच मावायची. अब्दुल करीम खाँसाहेब त्याच मापात गायले. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. केसरबाईंकडे सांगण्यासारखं काही नव्हतं का?

आणि तुमच्या मैफलीत आम्हाला कधी कुणी बोलावलं होतं? मी भुसावळला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. आई रेडिओवरची नाट्यगीतं ऐकत पोळ्या करायची. मैफल तिनं जन्मात बघितली नाही. तिच्या घरात अभंग आणि नाट्यसंगीत परत आणलं ते 'लिटल चॅम्प्स' या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेनं. 2009 च्या फेब्रुवारीत कार्तिकी गायकवाड जिंकली त्या रात्री आमच्या अख्ख्या मजल्यावर एकाच घरात टीव्ही लागला होता आणि बाकी सगळे तिथे जमिनीवर बसले होते. माझ्या भाचीनं त्यानंतर क्लास लावला, अजून गाते. तुमच्या पाऊण तासानं किती भाच्या क्लासला घातल्या?

डग्गा
तबकडी आणि टीव्ही एकाच तागडीत घालू नका. तबकडी ऐकणाऱ्याला माहीत असायचं की हा नमुना आहे, खाँसाहेब समोर बसले की तासभर गातात. टीव्हीवर दिसतं तेच पूर्ण गाणं, असं लोकांना वाटतं.

अशा एका स्पर्धेच्या चित्रीकरणाला मी वाजवलंय, नाव सांगत नाही. सकाळी प्रेक्षकांना बसवून टाळ्या आधीच घेतल्या. मंच रिकामा, तरी लोक 'वा' म्हणतायत, उभे राहतायत. मग मुलगी आली. तिनं सुरुवातीला छोटा आलाप घेतला, तो कापायला लावला. मला सांगितलं, तुकडा नको, नुसता साधा ठेका ठेवा. दोनदा पुन्हा वाजवलं, आणि प्रसारणात माझे हातसुद्धा दिसले नाहीत. साथीदाराचं नाव पडद्याखालच्या पट्टीवर चार सेकंद दाखवायला काय जातं? चाळीस वर्षं वाजवतोय, निवेदक अजून 'आणि तबल्यावर' म्हणून पुढचं नाव विसरतात.

कुडाळचो झील
लोका बसतत हो अजून! आमच्याकडे जत्रेत पालखी फिरली की दशावतार उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नाही, नट उभ्या उभ्या संवाद रचतो. हार्मोनियम, पखवाज, झांज. माझी आजी ब्याऐंशीची आहे, घोंगडी घेऊन जाते आणि पहाटे कुठल्या राजाला कुठलं पद होतं ते सांगते. ही सगळी माणसं घरी टीव्हीवर स्पर्धाही बघतात. मग त्यांचा धीर कसा नाही संपला?

षड्जपंचम
झील, आजीला नमस्कार सांगा. पण ट्रिकसीनच्या, म्हणजे युक्तीनं चमत्कार दाखवणाऱ्या, नाटकाला जास्त गर्दी होते की साध्या आख्यानाला?

कुडाळचो झील
ट्रिकसीनला होते, खोटं कशाला बोलू. पण ती मागणी टीव्हीनं आणली की मंडळांच्या आपसातल्या चढाओढीनं, हे मला ठरवता येत नाही.

पाचवी रांग
मी नुसता श्रोता आहे, तिकीट काढून येतो. लक्ष कमी झालं म्हणून आम्हाला बोलता, पण आमचं लक्ष खर्च कुठे होतं ते बघा. साडेसहाचा कार्यक्रम. सात वाजता दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग सत्कारमूर्तीचं मनोगत, मग प्रायोजकांची चित्रफीत. पावणेआठला गायिका सूर लावते, तोवर माझी पाठ मोडलेली असते. सव्वानऊला संयोजक विंगेतून घड्याळ दाखवतो. यात टीव्हीचा काय दोष?

षड्जपंचम
हे तर माझ्या जिव्हारी लागलेलं आहे. एका गावात दिवाळी पहाट होती. वेळ साडेपाचची दिली होती म्हणून मी ललत हा पहाटेचा राग तयार करून गेले. दोन्ही मध्यम लागोपाठ घेताना पहाटेचा गारवा अंगावर हवा, तो त्या रागाचाच भाग आहे. पाच वाजता तंबोरे लावून बसले. सत्कार सुरू झाले. अकरा सत्कार मोजले. मंडपाच्या कडेनं उजेड आला, कावळे ओरडायला लागले, पावणेसातला ऊन माझ्या गुडघ्यावर होतं. तंबोऱ्यावर मध्यम लावला होता, तो चढवून पंचम केला आणि तोडी हा सकाळचा राग गायले. महिनाभर घोटलेला ललत तसाच घरी परत आणला.

मंडळाचा खजिनदार
बोलणं सोपं आहे. तुमचं मानधन, मंडप, ध्वनिव्यवस्था, फराळ हे सगळं कुठून येतं? ज्यांना शाल देतो त्यांच्याच खिशातून. तिकीट लावलं की 'पाचवी रांग'सारखे लोक पास मागायला येतात. आणि दहाला माईक बंद करावा लागतो, हा कायदा आम्ही केलेला नाही.

पाचवी रांग
मी आयुष्यात पास मागितला नाही. शब्द मागे घ्या.

शिवाय कायदा अर्धाच सांगताय. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतरची बंदी उघड्या जागेला आहे, बंदिस्त सभागृहाला तशी नाही. उघड्या जागेलाही राज्य सरकार वर्षातून 15 दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं.

मंडळाचा खजिनदार
पासाचं मागे घेतो. बाकीचं नाही. ते 15 दिवस सणांतच संपतात, आणि सभागृहाचं तिसरं सत्र घ्यायला पैसे तुम्ही देणार का?

डग्गा
पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून रात्र रात्र चालायचा. भीमसेनजी पहाटे गायला बसायचे आणि लोक सतरंजीवर डुलक्या काढून त्यांच्यासाठी जागे व्हायचे. दहाच्या नियमानं ती रात्र गेली, रात्रीबरोबर उत्तररात्रीचे रागही गेले. लक्ष कमी झालं म्हणताना हेही हिशेबात धरा.

रिमोटधारी
म्हणजे सत्कार दोषी, कायदा दोषी, मंडळ दोषी. टीव्ही सुटला ना?

षड्जपंचम
सुटला नाही. सत्कारानं माझा वेळ खाल्ला, पण पंचमावर 'एनर्जी कमी' हे सत्कारानं शिकवलेलं नाही. तुमच्या भाचीचं मात्र मान्य करते. माझ्याकडेही 2009 नंतर एकदम चौदा मुली आल्या होत्या. त्यातल्या अकरा जणींच्या आयांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "स्टेजवर कधी?" तीन राहिल्या. त्या तिघी आज उत्तम ऐकतात. हे श्रेय त्या कार्यक्रमाचं, देते.

रिमोटधारी
मग मीही एक कबूल करतो. पाऊण तासाची मैफल मी समोर बसून कधी ऐकलेलीच नाही. यूट्यूबवर ऐकतो, तिथे आलाप पुढे सरकवतो. तरी 'सांगण्यासारखं काही नसतं' या वाक्यातलं अर्धंच मागे घेतो. काही गवई खरंच उगाच लांबवतात.

षड्जपंचम
लांबवतात. मीही कधी कधी लांबवलंय.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे माझ्या घरी पावणेपाचला ललत गाणार आहे. माईक नाही, सत्कार नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते. मध्येच उठावंसं वाटलं तर दाराजवळ बसा, पण समेवर उठा.

रिमोटधारी
येतो. सम कुठे ते कुणीतरी सांगा.

डग्गा
माझ्या शेजारी बसा, हातावर दाखवतो. ताई, तुमच्या सुराची पट्टी पेटीवरची काळी चार की पाच?

षड्जपंचम
काळी चार.