संगणकाची स्क्रीन आणि चाळिशी लागलेले डोळे : तुम्ही काय केलंत?

मुद्रितशोधक, पुणे, वय ५८

सुरुवात माझ्यापासून. घरून मुद्रितशोधनाची कामं करते. मार्चमध्ये एका वकिलांचं काम आलं होतं. जुने कागद स्कॅन करून ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) मजकूर काढलेला, तो मुळाशी ताडून बघायचा. दोनदा वाचून पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, पान चारवर बायकोने मरणपोषण मागितलंय." भरणपोषणातल्या भ चा म झालेला, आणि माझ्या नजरेतून तो दोन्ही वेळा सुटला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

चष्मा तर नवाच होता, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा, मधला, जवळचा असे सगळे नंबर एकाच काचेत. डॉक्टरांनी विचारलं, स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असते? मला सांगता येईना. घरी येऊन शिवणाची टेप लावली तर ६५ सेंटिमीटर. पुस्तक धरते ते ४० वर, आणि जवळचा नंबर त्या ४० साठी काढलेला. प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराचा पट्टा अगदी अरुंद असतो, तो सापडावा म्हणून मी दिवसभर हनुवटी वर करून बसत होते. मान का दुखते म्हणून सहा महिने शेक घेतला, कारण हे निघालं! आता स्क्रीनसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा केलाय. लांबचा नंबर शून्य, वाचायचा +२.२५, स्क्रीनचा +१.५०. जाताना टेपने मोजलेलं अंतर कागदावर लिहून न्या. तपासणीच्या खोलीत सगळे अंदाजाने "एवढं" असा हात पसरून दाखवतात.

दुसरं म्हणजे अक्षर. इंग्रजी १२ च्या आकारात चालतं म्हणून देवनागरीही चालेल हा भ्रम सोडा. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराची शेपटी. हे सगळं तेवढ्याच उंचीत कोंबायचं म्हटल्यावर मधलं अक्षर बारीक होणारच. घ-ध, भ-म, ब-व तिथेच फसतात. त्यातही कोकिळा फॉन्ट त्याच आकड्यात बारका दिसतो. मी वाचताना र. कृ. जोशींचा मंगल किंवा निर्मला लावते, वर्डमध्ये १७० टक्के झूम आणि वेब लेआउट, म्हणजे ओळ खिडकीच्या रुंदीत मोडते, आडवं सरकवावं लागत नाही. झूमने छापील अक्षर मोठं होत नाही, बिनधास्त वाढवा.

आता तुम्ही लिहा. फसलेले प्रयोगही चालतील, किंबहुना तेच आधी.

निवृत्त बँक अधिकारी, नागपूर

फसलेलाच सांगतो. आमच्या चिरंजीवाने अक्षरं मोठी व्हावी म्हणून लॅपटॉपचं रिझोल्यूशनच कमी करून दिलं. १९२० बाय १०८० च्या जागी १३६६ बाय ७६८. अक्षर मोठं झालं, पण पावसात भिजल्यासारखं फुटलेलं. मी आपला दोन महिने चष्मा पुसतोय! नंतर शेजारच्या पोरीने सांगितलं, काका, रिझोल्यूशन मूळचं राहू द्या, डिस्प्लेमधलं स्केल १५० टक्के करा. एकदम स्वच्छ. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइझची पट्टीही आहे, २२५ टक्क्यांपर्यंत जाते. पट्टी सरकवून अप्लाय दाबायला मी विसरलो होतो, तुम्ही विसरू नका.

एक अडचण मात्र येते. स्केल फार वाढवलं की काही जुन्या प्रोग्रॅमच्या खिडक्यांची ओके-कॅन्सलची बटणं स्क्रीनच्या खाली बुडतात. मग टॅब दाबत अंदाजाने जावं लागतं. बँकेत आयुष्य गेलं, अंदाजाने ओके दाबायचं म्हणजे जिवावर येतं हो.

मडगाव

माझा प्रश्न अक्षरांचा नव्हताच, माउसचा बाण सापडायचा नाही. पांढऱ्या पानावर पांढरा बाण, कोणाची ही अक्कल! आता तो गडद जांभळा आणि चौपट मोठा केलाय. शिवाय माउसच्या सेटिंगमध्ये कंट्रोल दाबलं की बाणाभोवती वर्तुळं उमटतात अशी सोय आहे. मुलीच्या मॅकवर नुसता माउस जोरात हलवला की बाण फुगतो. बास, एवढंच.

न्यू जर्सीहून, आईच्या वतीने (आई साताऱ्याला, वय ७६)

आई म्हणाली, "अरे, काही म्हणजे काही दिसत नाही बघ." रात्री अकराला मी इथून तिच्या संगणकाचा ताबा घेऊन झूम, कॉन्ट्रास्ट, उजेड सगळं करून पाहिलं. तासभर. शेवटी विचारलं, "आई, तुला नेमकं दिसतंय काय?"

"बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे."

टेबल असं ठेवलेलं होतं की आई बाल्कनीच्या दाराकडे पाठ करून बसायची. सकाळचं ऊन थेट काचेवर. भावाला फोन करून टेबल काटकोनात फिरवायला लावलं. अर्धं काम तिथेच झालं, खर्च शून्य.

उरलेल्या अर्ध्यासाठी तिला दोनच गोष्टी शिकवल्या. कंट्रोल आणि अधिक म्हणजे मोठं, कंट्रोल आणि शून्य म्हणजे पुन्हा होतं तसं. तिने पाठीमागच्या कॅलेंडरवर खडूच्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय. लांबलचक लेख मात्र ती आता ऐकते. एज ब्राउजरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की पान वाचून दाखवतं, मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. आईचं मत : "मनोहर बरा वाचतो, पण कवितेत श्वास कुठे घ्यायचा ते त्याला कोणी शिकवलं नाही." पावट्याच्या शेंगा सोलताना मनोहर चालू असतो.

एका सरकारी संकेतस्थळावरच्या कॅप्चापुढे मात्र आम्ही मायलेक दोघंही हरलो. वाकडी अक्षरं, त्यांवर आडव्या रेघा. मोठं करून ती जास्त वाकडी दिसतात इतकंच.

कोल्हापूर, वय ४९

सगळीकडे सांगतात डार्क मोड लावा. मी लावला आणि पंधरा दिवसांत काढला. मला सिलिंडर नंबर आहे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नाही. काळ्यावर पांढरं अक्षर पसरतं, अनुस्वाराचा लाडू होतो. डॉक्टर म्हणाले, अंधाऱ्या स्क्रीनकडे बघताना बाहुली मोठी होते, मग नजरेतला असला दोष जास्त जाणवतो. आता फिकट पिवळसर पानावर काळं अक्षर, आणि स्क्रीनचा उजेड शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतका. कागदाची ही युक्ती मस्त आहे राव, रोज संध्याकाळी करतो.

सांगली, निवृत्त मुख्याध्यापक

कोल्हापूरकरांशी असहमत, पण माझं प्रकरण वेगळं. ६८व्या वर्षी मला एकाएकी जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागलं. पेपर, स्क्रीन, सगळं. घरात पेढे आणले. डॉक्टर म्हणाले, गुरुजी, पेढे ठेवा, मोतीबिंदू आहे. भिंग गढूळ आणि घट्ट होताना नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून काही दिवस जवळचं बरं दिसतं. त्या काळात पांढरी स्क्रीन म्हणजे रात्री समोरून गाडीने हेडलाइट मारल्यागत. मला डार्क मोडनेच तारलं.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा संगणक उघडला तर पांढरं निळसर वाटलं. घरच्यांना विचारलं, स्क्रीन बदलली का? नव्हती बदलली, मीच इतकी वर्षं पिवळ्यातून बघत होतो. आत बसवलेलं भिंग लांबच्या नजरेचं, त्यामुळे नंबर स्थिर होऊन वाचायचा चष्मा मिळेपर्यंतचे पाच आठवडे विंडोजच्या मॅग्निफायरवर (स्क्रीनचा भाग भिंगासारखा मोठा करून दाखवणारी सोय) काढले. विंडोजचं बटण आणि अधिक दाबलं की सुरू, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद. हे बंद करायचं आधी शिका. मला माहीत नव्हतं, अख्खा दिवस स्क्रीनच्या एका कोपऱ्यात अडकून पडलो होतो.

डोंबिवली

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांना जादा पैसे मोजले, डोळ्यांची चुरचुर होती तिथेच. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याचाही निष्कर्ष असाच आहे की त्या काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होण्याची शक्यता फारशी नाही. माझी चुरचुर पंख्याची दिशा बदलल्यावर गेली. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या मिटणं फार कमी होतं आणि डोळे सुकतात. आता वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघते. समोरच्या इमारतीतल्या काकांना वाटतं मी त्यांच्या खिडकीत बघते. पडदा लावला त्यांनी.

लेखापाल, नाशिक, वय ६३

मला एक्सेलमधल्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या. मधोमध, जणू पाण्यातून बघतेय. मॉनिटर गेला म्हणून नवीन २७ इंची आणला. त्यावरही रेघा वाकड्याच. दुकानदाराशी भांडायला निघाले होते, जाताना डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळत सहज स्क्रीनकडे पाहिलं, तर उजव्याने रेघ वाकडी. उजवा झाकला तर डाव्याने सरळ.

दोन दिवसांत रेटिनाच्या डॉक्टरांकडे पोहोचले. डोळ्यातल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी पाणी झिरपत होतं. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, ऐकायला वाटतं तेवढं दुखत नाही. किती दिवसांपासून असं होतं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी मॉनिटरच्या बिलावरची तारीख पाहून सांगितलं.

मॉनिटर मुलगा वापरतो.