मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या घराच्या खिडक्या बदलताना कौन्सिलला कधी कळवायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही स्लाऊला राहतो. घराच्या लाकडी खिडक्या बदलायच्या आहेत. मागच्या बेडरूमच्या चौकटीत बोट दाबलं तर आत जातं, इतकं लाकूड कुजलंय, त्यामुळे हिवाळ्याआधी काम उरकायलाच हवं.

इथे 2002च्या एप्रिलपासून अख्खी खिडकी बदलणं बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये येतं. फेन्सा किंवा सर्टास (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या संस्था) यांच्याकडे नोंदणी असलेला फिटर असेल तर तोच कौन्सिलला कळवतो आणि आपल्याला सर्टिफिकेट मिळतं. पण ज्याचं काम आम्हाला मनापासून आवडलंय, तो सुतार नोंदणीकृत नाही. म्हणजे काम सुरू होण्याआधी बिल्डिंग कंट्रोलला (कौन्सिलचा बांधकाम तपासणारा विभाग) आपणच नोटीस द्यायची आणि फी भरायची. हा कागद नसेल तर घर विकताना सॉलिसिटर अडून बसतात, म्हणून तो टाळायचा नाही.

ही नोटीस कोणी स्वतः दिली आहे का? इन्स्पेक्टर जुनी खिडकी काढल्यावर येतो की सगळं बसवून झाल्यावर? काचेच्या यू-व्हॅल्यूचा (काचेतून किती उष्णता बाहेर जाते त्याचं माप) कागद सुताराकडून आधीच मागून ठेवावा का?

आणखी एक, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. वरच्या बेडरूमची सध्याची खिडकी पूर्ण उघडते, आग लागली तर मुलांना तिथून बाहेर काढता येईल. नव्या डिझाइनमध्ये फक्त वरची छोटी झडप उघडते. हे नियमात बसत नाही असं मला वाटतं, सुतार म्हणतो चालतं. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.